दानाची हांक आणि नवीं समाजमाध्यमें

(महोत्सवाच्या सभेंत केलेलें भाषण)



महोत्सव-समितीची इच्छा होती कीं, मीं आज धर्मग्रामाच्या पूर्वेतिहासावर बोलावें. परंतु तें कार्य ह्याच पुस्तिकेंत माझ्याहून जाणत्या वडीलधाऱ्यांनीं उत्तम रीतीनें केलें आहे. तेव्हां मीं पुढल्या काळाचा विषय घेतला आहे. आपल्या तरुण मंडळानें डायलिसिसच्या रुग्णांसाठीं साहाय्य-निधि उभारण्याचें योजिलें असून फेसबुक, इन्स्टाग्राम व व्हॉट्सॲप ह्यांच्या द्वारें, देशोदेशीं विखुरलेल्या आपल्या लोकांना ते हांक घालणार आहेत. ही योजना कानीं येतांच कित्येक वडील मंडळींनीं नाकें मुरडलीं. धर्मग्रामाची अब्रू चव्हाट्यावर मांडूं नये, असें त्यांचें म्हणणें. हें म्हणणें हंसण्यावारी नेण्याजोगें नाहीं, आणि मुलांचा उत्साहही मारण्याजोगा नाहीं.

प्रथम हें ध्यानांत घ्या कीं, दूर असलेल्यांकडे लेखी मागणी करणें ही कांहीं आजची टूम नव्हे. जेरुसलेमच्या गरीब भाविकांसाठीं संत पौलानें वर्गणी जमविली, तिचें आवाहन त्यानें पत्रांच्या द्वारें केलें. करिंथकरांना लिहितांना तो मासेदोनियाच्या लोकांचा दाखला देतो; स्वतः दरिद्री असूनही त्यांनीं ऐपतीबाहेर दिलें, असें सांगतो. एकाचें औदार्य दुसऱ्यास कळलें म्हणजे त्याचाही हात सैल होतो, हें मर्म त्यास पुरतें ठाऊक होतें. पण त्याच पत्रव्यवहारांत आणखी दोन गोष्टी आहेत, ज्यांकडे आपलें लक्ष क्वचित् जातें. एक अशी कीं, आठवड्याच्या पहिल्या दिवशीं प्रत्येकानें थोडें थोडें बाजूस काढून ठेवावें. दुसरी अशी कीं, एवढ्या मोठ्या रकमेविषयीं कोणास बोट दाखवितां येऊं नये म्हणून, ख्रिस्तसभांनीं निवडलेला माणूस बरोबर असावा. ह्या दोन्हींकडे मी पुनः येणार आहें.

आपल्या काळांतील गाजलेलें उदाहरण म्हणजे २०१४ च्या उन्हाळ्यांत अमेरिकेंत उठलेली 'आइस बकेट चॅलेंज' नांवाची लाट. बर्फाच्या पाण्याची बादली स्वतःच्या डोक्यावर ओतून घ्यावयाची, त्याचें चलच्चित्र फेसबुकवर लावावयाचें, आणि तीन स्नेह्यांना नांवानिशीं आव्हान द्यावयाचें: चोवीस तासांत तुम्हीही हेंच करा, नाहीं तर एएलएस ह्या रोगाच्या कार्यास पैसे द्या. (पुष्कळांनीं दोन्ही केलें.) ह्या रोगांत स्नायूंना चालविणारे मज्जातंतु क्रमाक्रमानें मरत जातात, हात, पाय, वाचा व शेवटीं श्वासही जातो. बोस्टन कॉलेजचा माजी बेसबॉलपटु पीट फ्रेट्स आणि न्यूयॉर्क राज्यांतील पॅट क्विन, दोघेही ह्याच रोगानें पछाडलेले तरुण, ह्या लाटेचे मुख्य प्रवर्तक होते. फेसबुकवर एक कोटी सत्तर लाखांहून अधिक चलच्चित्रें लागलीं, आणि एएलएस असोसिएशन ह्या संस्थेकडे आठ आठवड्यांत साडेअकरा कोटी डॉलर जमले. फ्रेट्स २०१९ मध्यें व क्विन २०२० मध्यें निवर्तले. त्याच २०१४ सालीं हैदराबादच्या मंजूलता कलानिधी ह्या पत्रकार बाईंनीं बर्फाच्या जागीं तांदूळ आणला: बादलीभर तांदूळ गरजू माणसास द्या आणि मित्रांना तसेंच करावयास सांगा. पाण्यासाठीं रांगा लावणाऱ्या देशांत हा पालट मला फारच शहाणपणाचा वाटतो.

मला स्वतःला बादलीचा तमाशा रुचत नाहीं. तरी त्यांतील युक्ति शिकण्यासारखी आहे. 'सर्वांनीं मदत करावी' असें म्हटलें म्हणजे तें कोणासच लागू होत नाहीं. तेथें तिघांचीं नांवें घेतलीं होतीं, मुदत ठरविली होती, आणि मागणारे स्वतःच रोगी होते. त्यांच्या वतीनें दुसरा कोणी करुण स्वर काढीत नव्हता.

आणि पुढें काय झालें, हेंही सांगितलें पाहिजे. त्या रकमेपैकीं सुमारें दोन तृतीयांश वांटा संशोधनास गेला. तिच्या साहाय्यानें चाललेल्या शोधांतून २०१६ सालीं एनईके१ नामक जीनचा ह्या रोगाशीं असलेला संबंध उघड झाला. संस्थेनें ज्या एका औषधास पैसा पुरविला होता, त्यास २०२२ मध्यें अमेरिकन सरकारची मान्यता मिळाली. पण मोठ्या चांचणींत तें उपयोगी ठरलें नाहीं, म्हणून २०२४ मध्यें कंपनीनेंच तें मागें घेतलें. शिवाय दुसऱ्या वर्षीं तीच लाट पुनः उठवूं पाहिली, तेव्हां पहिल्या रकमेचा अगदीं थोडा अंश हातीं आला. पुराचें पाणी असेंच असतें. आपल्या रुग्णास आठवड्यांतून दोन-तीन वेळां यंत्रावर जावें लागतें. त्यास श्रावणांतल्या पुराचा काय उपयोग? त्यास बारमाही विहीर पाहिजे. म्हणून माझी पहिली अट अशी कीं, आवाहनांत एकरकमी देणगीहून मासिक वर्गणी आधीं मागावी, मग ती शंभर रुपयांची कां असेना. पौलाचा आठवड्याचा नियम तो हाच.

दुसरी अट छायाचित्रांची. अमेरिकेंत डेबोरा स्मॉल, लोवेनस्टीन व स्लोव्हिक ह्यांचा एक प्रयोग २००७ मध्यें प्रसिद्ध झाला. लोकांस पांच डॉलर देऊन त्यांतून दान मागितलें. कांहींना आफ्रिकेंतील लाखों भुकेल्यांचे आंकडे सांगितले, तर कांहींना रोकिया नांवाच्या सात वर्षांच्या एकाच मुलीची हकीकत सांगितली. आंकडे वाचणाऱ्यांनीं सरासरी १.१४ डॉलर दिले, रोकियाविषयीं वाचणाऱ्यांनीं २.३८. हकीकतीस आंकडे जोडून दिले, तेव्हां दान घटून १.४३ वर आलें! माणसाचें मन असें आहे. परंतु ह्यामुळेंच मोह उत्पन्न होतो: खाटेवर पडलेल्या बाईचा चेहरा दाखवा, रडतें पोर दाखवा, पैसे येतील. येतील, हें खरें. पण एकदां सुटलेलें चित्र परत बोलावतां येत नाहीं. तें पोर उद्यां मोठें होऊन नोकरीस जाईल, आणि त्याच्या दारिद्र्याचा तो पुरावा कोणाच्या तरी फोनमध्यें जिवंत असेल. वडील मंडळी अब्रू म्हणतात ती ही, आणि ती धर्मग्रामाची नव्हे, त्या रुग्णाची आहे. म्हणून रुग्णानें आपण होऊन लेखी संमति दिल्याविना नांव वा चेहरा नको. मुलांचा चेहरा तर मुळींच नको. हकीकत अवश्य सांगा. पहांटे किती वाजतां निघावें लागतें, रिक्षेस काय पडतें, सोबत जाणाऱ्याचा रोज कसा बुडतो, हें लिहा. एवढ्यानें ज्याचें मन द्रवत नाहीं, तें चेहऱ्यानें द्रवलें तरी फार काळ ओलें राहणार नाहीं.

दात्यांच्या नांवांविषयींही थोडें सांगतों. प्रभूनें दान गुप्तपणें करावयास सांगितलें आहे, आणि व्हॉट्सॲपवर तर आंकड्यांसह याद्या फिरतात. गंमत अशी कीं, ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठांतील संशोधकांनाही २०१४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत असेंच आढळलें: चारचौघांत नाममात्र पाठिंबा दाखविणारे पुढें खरी मदत करण्यास, खासगींत पाठिंबा देणाऱ्यांपेक्षां, कमी तयार असतात. नांव झळकलें कीं कर्तव्य संपलें! यास्तव देणाऱ्यांचीं नांवें झांकून ठेवा, हिशेब मात्र उघडा ठेवा. दर महिन्यास किती आले, किती गेले, किती उरले, हें ज्या ठिकाणीं मागितलें त्याच ठिकाणीं लावावें. तो हिशेब मंडळाबाहेरील तिघांनीं तपासावा; त्यांत नाकें मुरडणाऱ्यांपैकीं निदान एक जण असावा, असा माझा आग्रह आहे.

राहिला व्यवहार. पैसे संस्थेच्या खात्यांतच आले पाहिजेत, कोणा मुलाच्या यूपीआयवर नव्हे, तो कितीही प्रामाणिक असो. क्यूआर कोडची नक्कल करून फसविणारे पुष्कळ आहेत. म्हणून पैसे पाठविण्यापूर्वीं फोनवर कोणाचें नांव दिसलें पाहिजे, तें आवाहनांतच छापावें. परदेशस्थांच्या बाबतींत अधिक जपावें लागेल. भारतीय नागरिकत्व राखून दुबईस वा कुवेतला नोकरी करणाऱ्यानें स्वतःच्या बचतींतून बँकेमार्फत पाठविलेली रक्कम विदेशी देणगी गणली जात नाहीं. परंतु ज्यानें कॅनडाचें वा ऑस्ट्रेलियाचें नागरिकत्व घेतलें, तो आपल्याच आळींतला असला तरी कायद्याच्या दृष्टीनें परदेशी होय. त्याची देणगी विदेशी देणग्यांच्या कायद्याखालीं परवानगी असलेल्या संस्थेसच घेतां येते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली येथील मुख्य शाखेंतील खात्यांत यावी लागते. हा भेद आवाहनाच्या पहिल्या चार ओळींत असावा. भावाबहिणींचें प्रेमाचें दान परत पाठविण्याची पाळी येऊं नये.

पहिलें आवाहन येत्या महिन्याच्या पहिल्या रविवारीं निघेल. ज्यांचे आप्त परगांवीं वा परदेशीं आहेत, त्यांनीं त्यांचे नंबर मंडळाच्या चिटणिसाकडे द्यावे. मात्र त्यांना आधीं विचारून.