रॅम आधी की एसएसडी आधी?

ऐकताय मोबाइलवर, पण आजचा विषय आहे घरातल्या कोपऱ्यातल्या त्या म्हाताऱ्या डेस्कटॉपचा.

आमचा पीसी २०१३ सालचा. ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. बहीण डिप्लोमाला आहे, तिचं कोडिंग त्यावरच चालतं. चालतं म्हणजे काय, बटण दाबून आंघोळ करून आलं तरी आयकॉन अजून उगवतच असायचे. नवीन घ्यायचा प्रश्नच नव्हता, तिची फी भरायची होती. बाजूला काढलेले पाच हजार, त्यातच काय ते बसवायचं.

मी म्हणजे घरातला 'कॉम्प्युटरवाला'. छातीठोकपणे सांगितलं, रॅम वाढवू. काही न तपासता ४ जीबीची स्टिक आणून लावली. फरक? शून्य. सिस्टिमची माहिती उघडली तर बसवलेली रॅम ८ जीबी, वापरता येण्याजोगी ३ च्या थोडी वर! विंडोज ३२ बिटचं होतं ना. त्याला ४ जीबीच्या पुढे जाता येत नाही, आणि त्यातलाही काही भाग हार्डवेअरसाठी राखीव जातो. बहीण काही बोलली नाही. नुसतं बघितलं.

मग जे आधी करायचं ते नंतर केलं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडला. यात एक गोम आहे, नीट ऐका. रॅम भरली की विंडोज उरलेला पसारा डिस्कवर टाकतं, त्यामुळे डिस्क १०० टक्के दिसली म्हणून दोष तिचाच असं नाही. म्हणून पीसी सुरू केल्यावर काहीच न उघडता बघायचं. मेमरी निम्मी रिकामी आणि तरी डिस्क बराच वेळ १०० वर चिकटलेली? मग डिस्कच रडतेय. आमचं तेच होतं. उलट वीस टॅब उघडल्यावर मेमरी नव्वदीत गेली आणि मग सगळं अडकलं, तर रॅम घ्या.

हार्ड डिस्कचा तरी काय दोष म्हणा. आमची मिनिटाला ७२०० फेऱ्या मारते, म्हणजे सेकंदाला १२०. पण सुरू होताना हजारो छोट्या फायली लागतात, त्याही विखुरलेल्या. प्रत्येकीसाठी हेड सरकणार, मग ती जागा फिरून खाली येईपर्यंत थांबणार. एसएसडीत फिरणारं काही नाहीच.

लॅमिंग्टन रोडला गेलो. दुकानदाराने आधी एनव्हीएमईच पुढे केली. आमच्या बोर्डावर तो स्लॉटच नाही! साधी साटाची अडीच इंची २५६ जीबी घेतली. रॅमचंही तसंच, जुन्या बोर्डाला डीडीआर३ लागते. डीडीआर४ ची खाच वेगळ्या जागी असते, बसतच नाही. जाताना बोर्डाचं मॉडेल फोनमध्ये लिहून न्या.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि ११ च्या अधिकृत यादीत आमचा प्रोसेसर नाही. बहिणीने ६४ बिटचं लिनक्स मिंट टाकायचं ठरवलं. त्यात आता आठच्या आठ जीबी वापरात येते, म्हणजे माझी स्टिक अगदीच वाया गेली नाही. (हे मी तिला दोनदा ऐकवलंय.)

पण त्याआधीची एक गोष्ट राहिली. जुनी डिस्क काढण्यापूर्वी क्रिस्टलडिस्कइन्फोने तिची तब्येत बघितली, तर पिवळा इशारा. खराब सेक्टर वाढत होते. तिच्यावर आजीच्या जात्यावरच्या ओव्या होत्या, मीच कधीतरी फोनवर रेकॉर्ड केलेल्या. दुसरीकडे कुठेच कॉपी नाही. एसएसडी राहिली बाजूला, आधी पेनड्राइव्ह लावला. एकेक फाइल काढताना डिस्क टकटक करत होती. सोळा निघाल्या. दोन नाही निघाल्या.

आजी आता नाही. पुढच्या आठवड्यात त्या सोळांपैकी एक ऐकवतो, बहिणीने आवाज साफ केलाय, त्याच पीसीवर.