कानाची मशीन आणि तिची कसोटी



वसंत व्याख्यानमालेत आपण इतिहासावर ऐकता, वाङ्मयावर ऐकता आणि राजकारणावर तर ऐकताच. अशा थोर विषयांच्या पंगतीत श्रवणयंत्र तपासण्याची उपकरणे हा विषय जरा परका वाटेल. पण व्याख्यानमाला मुळी श्रोत्यांच्या कानांवरच उभी असते. दरवर्षी नेमाने येणारे, पुढे पुढे मागच्या रांगेतून पहिल्या रांगेत सरकलेले आणि एके वर्षी कोणाला न सांगता यायचेच थांबलेले एखादे वडीलधारे गृहस्थ आपणांपैकी प्रत्येकाला आठवत असतील. त्यांच्या घरी चौकशी केली तर बहुधा एक डबी निघते. डबीत कानाची मशीन असते. 'आणली होती हो, पण काही उपयोग नाही झाला,' असे घरचे सांगतात. आजचे माझे बोलणे त्या डबीविषयी आहे.

चंद्रपूर आणि गडचिरोली हा २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत एकच जिल्हा होता, आणि कानाच्या दृष्टीने पाहिले तर तो आजही एकच आहे. एकीकडे कोळशाच्या खाणी, बल्लारपूरची कागद गिरणी, चंद्रपूरचे वीजकेंद्र. अशा कामांत यंत्राशेजारी उभे राहून आयुष्य काढणाऱ्या माणसाचे कान किती आवाज सोसतील, याचा हिशेब शास्त्राने घातला आहे. आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबल ही आपल्या कायद्यातील मर्यादा. दुसरीकडे वैनगंगेपलीकडचे अरण्य. तेथे कान हे नुसते करमणुकीचे इंद्रिय नाही. चैत्रात पहाटे मोहफुले वेचायला आणि पुढे तेंदूपाने तोडायला माणसे जंगलात शिरतात. वाघ दिसण्याआधी वानर खेकसते, चितळ ओरडते, पाचोळा सळसळतो. ज्याला हे ऐकू येत नाही, त्याच्या बाबतीत बहिरेपणाची किंमत कधी कधी एका क्षणात वसूल होते.

ही सळसळ ध्यानात ठेवा, कारण सगळे शास्त्र तिच्यात आहे. पाचोळ्याची सळसळ हा बारीक, उंच पट्टीचा आवाज. आपल्या भाषेतील स, श, त, क ही व्यंजनेही त्याच उंच पट्टीची. आ, ऊ, ओ हे स्वर मात्र खालच्या पट्टीचे आणि भरदार. वयाने किंवा यंत्रांच्या गोंगाटाने कान जातो तेव्हा आधी उंच पट्टी जाते. म्हणून म्हातारा माणूस सांगतो, 'आवाज ऐकू येतो, पण शब्द कळत नाही.' घरात 'साप' म्हटले काय आणि 'ताप' म्हटले काय, त्याला दोन्ही सारखेच. अशा माणसाला सगळेच आवाज सारखे मोठे करून देणारे यंत्र दिले, तर त्याला गोंगाट मिळतो, शब्द मिळत नाही.

आता यंत्र देताना त्याची परीक्षा कशी होते ते पाहा. शिबिरात यंत्र कानाला लावतात आणि मोठ्याने विचारतात, 'ऐकू येते का?' म्हातारबाबा मान डोलावतात. समोर चारचौघे उभे असतात, फुकट मिळालेल्या वस्तूला नाव ठेवणे बरे दिसत नाही. शिवाय विचारणाराचे ओठ आणि हातवारे दिसतच असतात. परीक्षा संपते. डाळीचा व्यापारीसुद्धा याहून काटेकोर मोजमाप करतो!

मोजमापाची ही विद्या काही कालची नव्हे. १९४२ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या रोमानो यांनी कानाऐवजी दोन घनसेंटिमीटर पोकळीचे एक धातूचे भांडे वापरून श्रवणयंत्र मोजण्याची रीत मांडली. १९४७ साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठातून आणि ब्रिटनमध्ये वैद्यकीय संशोधन परिषदेकडून असे श्रवणयंत्रांवरील दोन महत्त्वाचे अहवाल प्रसिद्ध झाले, आणि यंत्र कसे असावे हे आकड्यांत सांगता येऊ लागले. जुलै १९४८ मध्ये ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली, तेव्हा मेड्रेस्को नावाचे यंत्र बहिऱ्या माणसांना विनामूल्य मिळू लागले. त्यामागे हे मोजमाप उभे होते. आपल्याकडे १९६५ साली म्हैसूरला वाचा व श्रवण यांची अखिल भारतीय संस्था निघाली, १९८३ साली मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था निघाली, आणि अपंगांना साधने देण्याची केंद्र सरकारची योजना १९८१ पासून चालू आहे. म्हणजे विद्या आहे आणि योजनाही आहे. उणीव आहे ती अंतराची. वांद्रे येथून आठशे किलोमीटरांहून दूर, आणि भामरागड किंवा सिरोंचा गडचिरोलीपासूनच दीडशे किलोमीटरांहून दूर.

हे मोजण्याचे उपकरण तरी कसे असते? एखाद्या लहान ट्रंकेएवढी, आतून जाड स्पंज लावलेली एक पेटी असते. झाकण बंद केले की बाहेरचा आवाज आत येत नाही आणि आतला आवाज भिंतींवर आपटून परत फिरत नाही. पेटीत एक लहानसा ध्वनिक्षेपक आणि दोन मायक्रोफोन असतात. एक मायक्रोफोन यंत्राच्या तोंडाशी राहून आत किती आवाज गेला ते मोजतो. दुसरा त्या दोन घनसेंटिमीटरच्या भांड्याच्या बुडाशी बसतो आणि यंत्रातून किती आवाज बाहेर पडला ते मोजतो. जमाखर्चाच्या वहीची ही दोन पाने समजा. दोहोंतील फरक म्हणजे यंत्राने केलेली वाढ.

पेटी आणली, तारा जोडल्या आणि काम सुरू झाले, असे मात्र होत नाही. ती मांडण्यातच अर्धे यश असते. खोली रस्त्याच्या बाजूची नको. जटपुरा दरवाज्याजवळच्या माडीवर ही पेटी ठेवली तर झाकण कितीही घट्ट असो, मालमोटारींचा घरघराट तळातून आत शिरेल. म्हणून पक्के मेज, त्याच्या पायांखाली रबर, शेजारी पंखा किंवा कूलर चालू नाही, एवढे हवे. आपल्याकडे विजेचा दाब वरखाली होतो, त्यासाठी स्थिरकारी यंत्र हवे. मग मायक्रोफोनचीच परीक्षा. त्यासाठी हातात मावेल असा एक प्रमाण आवाजाचा स्रोत असतो. तो १००० हर्ट्झचा, बरोबर ९४ डेसिबलचा सूर देतो. मायक्रोफोनने ९४ च दाखवले पाहिजेत. सोनार आधी आपली वजने तपासून घेतो, तसेच हे. त्यानंतर रिकाम्या पेटीतला आवाज सगळ्या पट्ट्यांत सारखा करून घ्यायचा आणि मगच यंत्र आत ठेवायचे. यंत्र आणि भांडे यांच्या सांध्याला फट राहू द्यायची नाही, कारण केसाएवढ्या फटीतून खालच्या पट्टीचा आवाज पळून जातो आणि निर्दोष यंत्र सदोष ठरते.

मग मोजायचे काय? मुख्य गोष्टी पाच.

पहिली, यंत्राची कमाल ताकद. यंत्र पूर्ण मोठे करून त्यात ९० डेसिबलचा आवाज सोडतात आणि बाहेर किती पडतो ते पाहतात. जोरकस यंत्रांतून १३० डेसिबलांहून अधिक आवाज निघू शकतो. ज्याचा कान थोडाच गेला आहे त्याला असे यंत्र दिले, तर उरलेले ऐकणेही जाण्याचा धोका. महाकालीच्या चैत्रातल्या यात्रेत संबळ-ढोल वाजू लागले की म्हातारी कानातून मशीन ओढून काढते. तो तिचा हट्ट नसतो, तिला खरोखर दुखत असते.

दुसरी, वाढ. ५० डेसिबलचा, म्हणजे हलक्या बोलण्याएवढा आवाज आत सोडून यंत्र त्यात किती भर घालते ते पाहायचे. डेसिबलांचा हिशेब व्याजासारखा चढतो हे येथे लक्षात ठेवावे. २० डेसिबल वाढले म्हणजे आवाजाचा दाब दहापट झाला.

तिसरी, निरनिराळ्या पट्ट्यांतील वाढ. सुमारे २०० हर्ट्झपासून ५००० च्या पुढेपर्यंत सूर बदलत नेतात आणि कागदावर एक वक्ररेषा उमटते. आपली सळसळ आणि आपला 'स' या रेषेच्या उजव्या टोकाला असतात. ती रेषा तेथे ढासळली असेल तर साप आणि ताप यांचा घोटाळा कायम राहणार.

चौथी, आवाजाची शुद्धता. सोडलेल्या सुराखेरीज यंत्राने आपल्या पदरचे किती सूर मिसळले, आणि काहीही न बोलता ते स्वतःच किती सूं-सूं करते, ते पाहायचे.

पाचवी गोष्ट घरगुती खर्चाची, यंत्र वीज किती खाते. कानामागे लावायच्या यंत्रात १३ नंबरचा, नारिंगी पट्टीचा सेल घातला तर त्यात साधारण ३०० मिलिअँपिअर-तास वीज असते. यंत्र दीड मिलिअँपिअर ओढत असेल तर तो २०० तास, म्हणजे रोज बारा तास वापरल्यास सोळा-सतरा दिवस चालेल. आतल्या बिघाडाने तेच यंत्र तीन मिलिअँपिअर ओढू लागले, तर आठवड्यात सेल संपतो. भामरागडच्या माणसाने दर आठवड्याला सेल कोठून आणावा? मग मशीन डबीत जाते, आणि आपण म्हणतो की या लोकांना वापरता येत नाही.

मिळालेले आकडे कारखान्याच्या पत्रकाशी ताडून पाहायचे असतात. थोडा फरक चालतो. अमेरिकेत रूढ असलेल्या प्रमाणानुसार सरासरी वाढीत पाच डेसिबलांपर्यंत, आणि वीज पत्रकाहून शेकडा वीसपर्यंत अधिक. त्याबाहेर गेले की ते यंत्र द्यायचे नाही. नव्या संगणकी यंत्रांत आणखी एक मेख आहे. गोंगाट दाबण्याची योजना त्यांच्यात असते आणि पेटीतला एकसुरी आवाज त्यांना गोंगाटच वाटतो, म्हणून ती योजना बंद करून मोजावे लागते. नाही तर चांगले यंत्र नापास होते.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. ही पेटी म्हणजे कान नव्हे. लहान बाळाच्या कानाची पोकळी त्या भांड्याहून पुष्कळ लहान असते, आणि लहान जागेत तोच आवाज मोठा होतो. काही पट्ट्यांत हा फरक दहा डेसिबलांहूनही अधिक पडतो. त्यासाठी कानात बारीक नळी घालून पडद्याजवळचा आवाज मोजण्याची सोय असते, आणि मुलांसाठी ती वापरायलाच हवी. पेटी यंत्राची कसोटी घेते, आणि ते यंत्र त्याच माणसाला योग्य आहे की नाही हे ठरवायला श्रवणतज्ज्ञच लागतो.

भाषेचाही प्रश्न आहे. मराठी शब्दांची यादी वाचून माडिया मुलाची परीक्षा घेतली तर त्याला कान नाही की शब्द ठाऊक नाही, हे कळणार कसे? सिरोंच्याकडे तेलुगू, मुलचेऱ्याकडे बंगाली, मध्ये गोंडी! यावर कॅनडात काम केलेले डॅनियल लिंग यांनी एक सोपा उपाय रूढ केला. म, ऊ, आ, ई, श, स, एवढे सहाच ध्वनी तोंड झाकून उच्चारायचे आणि ऐकू आला की मुलाने हात वर करायचा. खालच्या पट्टीपासून उंच पट्टीपर्यंत बोलण्याचा सगळा विस्तार या सहांत येतो. याला वीज लागत नाही आणि पैसाही लागत नाही. अंगणवाडीताई किंवा आजीसुद्धा रोज सकाळी ही परीक्षा घेऊ शकते.

म्हणून माझी सूचना दोन पायऱ्यांची आहे. प्रत्येक तालुक्याच्या रुग्णालयात एक लहान पिशवी असावी. तिच्यात सेल तपासण्याचा मीटर, यंत्राचा आवाज स्वतः ऐकण्यासाठी डॉक्टरांच्या नळीसारखी नळी, नळीतले पाणी फुंकून काढायचा रबरी फुगा, आणि ओल शोषणाऱ्या दाण्यांची डबी असावी. आपल्या पावसाळ्यात घामाचा आणि दमटपणाचा एक थेंब यंत्राचे तोंड बंद करतो, आणि उन्हाळ्यात चंद्रपूरची कोरडी आग उघडलेला सेल वाळवून टाकते. बंद पडलेल्या यंत्रांपैकी पुष्कळांचा दोष या पिशवीतच सापडतो. दुसरी पायरी, दोन्ही जिल्ह्यांच्या ठिकाणी एकेक पूर्ण पेटी आणि ती चालवणारा शिकलेला माणूस. चंद्रपुरात २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, वरोऱ्याजवळ आनंदवनात मूकबधिरांची शाळा आहे. बालकांच्या आरोग्य तपासणीच्या २०१३ च्या राष्ट्रीय कार्यक्रमात जिल्ह्याला लवकर उपचाराचे केंद्र असावे असे म्हटलेच आहे. पेटी ठेवायला जागा नाही, असे कोणी म्हणू नये.

आणि एक नियम आपण नागरिकांनी आग्रहाने धरावा. श्रवणयंत्रांचे वाटप करायला मंडळी पुढे येतात, हारतुरे होतात, छायाचित्रे निघतात. ते होऊ द्या. परंतु प्रत्येक यंत्राबरोबर त्याच्या कसोटीचा कागद मागा, आणि सहा महिन्यांनी तीच माणसे, तीच यंत्रे पुन्हा पेटीपुढे यावीत अशी तारीख त्याच दिवशी ठरवून घ्या. वाटलेल्या यंत्रांची संख्या सांगणे सोपे असते. सहा महिन्यांनी त्यांपैकी किती कानात आहेत आणि किती डबीत, हा आकडा विचारला गेला, तर वाटपाची रीत आपोआप सुधारेल.