जुनी जीपगाडी : निगा व दुरुस्ती
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाने आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहो. ज्ञातीच्या इतिहासावर अधिकाराने बोलणारी वडीलधारी मंडळी येथे बसलेली आहेत. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. सारी हयात खेड्यातील मुलांना गणित आणि विज्ञान शिकविण्यात गेली. निवृत्तीनंतर धाकट्या बंधूंच्या गॅरेजमध्ये हिशेबाची वही सांभाळता सांभाळता जे पाहिले, जे विचारून घेतले, तेच आज आपल्यापुढे ठेवीत आहो. विषय साधा आहे. जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांत आपल्या कित्येक घरांच्या अंगणात वा खळ्यात एखादी जुनी जीपगाडी उभी असते. ती कशी टिकवावी, आणि तिला टिकविणाऱ्या हाताची किंमत आपण काय करितो, एवढेच सांगावयाचे आहे.

प्रथम या गाडीचे कूळ पाहू. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्याला चिखलात, वाळूत, डोंगरात चालणारी हलकी गाडी हवी होती. विलिस आणि फोर्ड या कारखान्यांनी मिळून अशा सहा लाखांहून अधिक गाड्या युद्धकाळात बनविल्या. आपल्याकडे १९४५ साली स्थापन झालेली आणि १९४८ पासून महिंद्र अँड महिंद्र या नावाने चालत आलेली कंपनी त्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगाव येथे विलिस जीप जुळवू लागली. पुढे उंच बॉनेटची 'सी. जे. ३ बी' आली. १९८० नंतरच्या दशकात प्यूजो कंपनीच्या नमुन्याचे डिझेल इंजिन असलेली 'एम. एम. ५४०' आली. आपल्या अंगणातील गाड्या बहुतेक याच घराण्यातील.

खानदेशात हिचा प्रवेश सरकारी मार्गाने झाला. २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात सामूहिक विकास योजना सुरू झाली, १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा कामास लागल्या, आणि विकास गटाची जीप गावोगावी दिसू लागली. आपली काळी जमीन पावसाळ्यात पाय धरून ठेवते. तापी, गिरणा, पांझरा यांच्या काठचे नाले पूर आला की वाट अडवितात. उत्तरेस सातपुडा आहे. तोरणमाळ, धडगाव हा मुलूख १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा होईपर्यंत धुळे जिल्ह्यातच होता. अशा प्रदेशात चारी चाकांनी ओढणारी गाडी ही चैन नव्हती, ती गरज होती. सरकारी गाड्या लिलावात निघाल्या, शेतकऱ्यांनी घेतल्या, आणि केळीच्या बागेपासून लग्नाच्या वऱ्हाडापर्यंत सर्व कामास लागल्या.

आता यंत्राकडे वळू. साध्या गाडीत इंजिनाची ओढ दोनच चाकांना जाते. जीपमध्ये गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक पेटी असते, तिला ट्रान्स्फर केस म्हणतात. तेथून एक शाफ्ट मागच्या आखाकडे व दुसरा पुढच्या आखाकडे जातो. जुन्या विलिस पद्धतीच्या गाडीत या पेटीचे दोन छोटे दांडे असतात. एकाने पुढचा आख जोडावयाचा. दुसऱ्याने 'हाय' किंवा 'लो' गिअर निवडावयाचा. 'लो' गिअरची ताकद किती, हे आम्ही मुलांना गुणाकार करून दाखवीत असू. सी. जे. ३ बी नमुन्यात पहिल्या गिअरचे प्रमाण सुमारे २.८, ट्रान्स्फर केसचे २.४६ आणि आखातील क्राउन-पिनियनचे ५.३८. तिन्हींचा गुणाकार ३७ येतो. म्हणजे इंजिन ३७ वेळा फिरते तेव्हा चाक एकदा फिरते. वेग जातो, बळ येते. विहिरीवरच्या मोटेला बैल सावकाश चालत, म्हणूनच भरलेली मोट वर येत असे.

हे बळ जपून वापरावयाचे असते. पुढचा आख जोडल्याशिवाय 'लो' गिअर लावू नये, अशी अडसराची योजना कारखान्यानेच केलेली आहे. कारण एवढी ओढ एकट्या मागच्या आखाने सोसू नये. हा अडसर झिजला असेल तर तो आधी दुरुस्त करावा. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. डांबरी, कोरड्या रस्त्यावर पुढचा आख जोडून गाडी चालवू नये. वळणावर पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा मोठ्या वर्तुळात फिरतात, त्यांना अधिक अंतर कापावे लागते. चिखलात चाक थोडे घसरते आणि हा फरक मुरतो. डांबरावर चाक घसरत नाही, म्हणून शाफ्ट, क्रॉस आणि गिअर यांना पीळ बसतो. टायर झिजतात, दांडा अडकून बसतो, आणि एखादे दिवशी दात तुटतो. लोक म्हणतात, जुनी झाली, मोडली. वास्तविक तिला चुकीच्या जागी राबविली म्हणून ती मोडली.

टायरांचेही तसेच. पुढे नवे व मागे झिजलेले टायर घालणे हा आपल्याकडचा नेहमीचा काटकसरीचा उपाय. हिशेब करून पाहा. चाकाचा घेर २२५ सेंटिमीटर धरला, तर एका किलोमीटरला सुमारे ४४४ फेरे होतात. घेरात केवळ २ सेंटिमीटरचा फरक असेल, तर एका किलोमीटरला जवळजवळ ९ मीटरचा फरक पडतो. पुढचा आख जोडलेला असताना हा फरक कोठे जाणार? तो यंत्राच्या अंगावर पडतो. म्हणून चारी टायर एकाच मापाचे व सारख्या झिजेचे असावेत.

निगेचा मुख्य भाग म्हणजे वंगण. आपल्या वाडवडिलांनी बैलगाडीचा आख कधी कोरडा राहू दिला नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे तुपा-हळदीने मळल्यावाचून त्यांना चैन पडत नसे. त्याच घरात जीपच्या ग्रीसच्या निपलांवर मात्र मातीचे थर बसलेले दिसतात. शाफ्टचे क्रॉस, स्प्रिंगच्या पाट्यांचे शॅकल, टाय रॉडचे सांधे, या सर्वांना सुमारे दीड हजार किलोमीटरनंतर ग्रीस द्यावे. नाल्याच्या पाण्यातून गाडी काढली असेल तर मुदतीची वाट पाहू नये. निपल आधी पुसावे, मग ग्रीस-गन लावावी. न पुसता लावली तर ग्रीसबरोबर वाळूही आत जाते.

गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस आणि दोन्ही आख यांतील ऑइलची पातळी स्वतः पाहावी. जुन्या विलिस पद्धतीत गिअरबॉक्स व ट्रान्स्फर केस यांमधील सील झिजले की एकीतील ऑइल दुसरीत जाते. एक पेटी काठोकाठ भरलेली आणि दुसरी कोरडी, अशी स्थिती होते. जमिनीवर मात्र एक थेंबही सांडलेला दिसत नाही. म्हणून एकीची पातळी पाहून समाधान मानू नये. आखातील ऑइल दुधाळ दिसले तर पाणी शिरले असे समजावे. तापलेला आख एकदम थंड पाण्यात बुडाला की आतील हवा आकुंचन पावते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. ते ऑइल त्याच आठवड्यात बदलावे, पुढील हंगामावर टाकू नये.

खानदेशातील उन्हाळ्याची धूळ हा इंजिनाचा शत्रू. जुन्या गाडीच्या एअर क्लीनरमध्ये ऑइलची वाटी असते. धूळ त्यात बसते. ती वाटी धुवावी व खुणेपर्यंतच ऑइल भरावे. डिझेल इंजिनात जास्त भरले तर ते ऑइलच इंजिन ओढून घेते आणि बेफाम सुटते. चावी बंद करूनही थांबत नाही. पेट्रोलची जीप असेल तर डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटचे अंतर ०.०२० इंच आणि प्लगचे ०.०३० इंच असावे. हे फीलर गेजने मोजावे, अंदाजाने ठरवू नये. गेजची किंमत वाया गेलेल्या पेट्रोलपुढे काहीच नाही.

बंधुभगिनींनो, येथवर पैशाची गोष्ट झाली. आता जिवाची सांगतो. जुन्या जीपमध्ये चारी चाकांच्या ब्रेकला एकाच मास्टर सिलिंडरमधून ऑइल जाते. एका चाकाची नळी फुटली तर चारी ब्रेक जातात. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. चाळीसगावाहून कन्नडचा घाट असो वा तोरणमाळची वाट, उतारावर ब्रेक तापले की त्या ओलाव्याची वाफ होते आणि पॅडल फळीला टेकते. म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल बदलावे, हवा पुरती काढावी, नळ्या व रबर किट यांत कंजुषी करू नये, आणि उतार लहान गिअरमध्ये उतरावा. पाण्यातून बाहेर आल्यावर पॅडल हलके दाबीत थोडे अंतर जावे, म्हणजे ड्रम वाळतात.

हातब्रेकाविषयी तर प्रत्येक घरात माहिती हवी. विलिस पद्धतीच्या गाडीत तो चाकांवर नसतो. ट्रान्स्फर केसच्या मागे शाफ्टवर असतो. मागचे एक चाक जॅकने उचलले की डिफरन्शियलमुळे उचललेले चाक उलटे फिरते, जमिनीवरचे सुलटे फिरते, आणि हातब्रेक ओढलेला असतानाही गाडी घरंगळते. शाफ्ट सोडला तरी तेच. म्हणून चाकांना पुढून-मागून मोठे दगड वा लाकडी ओंडके लावल्याविना जॅकला हात लावू नये, आणि केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये. भक्कम घोडी लावावी. ब्रेकच्या ड्रममधील धूळ हवेने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असू शकते, आणि ती धूळ फुप्फुसात कायमची बसते. ओल्या फडक्याने पुसावी. ही धूळ खाणारी बहुधा पंधरा-सोळा वर्षांची मुले असतात, याचा विसर पडू नये.

कायद्याचेही दोन शब्द. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यान्वये खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षे चालते. पुढे तपासणी होऊन पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. पेट्रोलचे इंजिन काढून डिझेलचे बसविणे आपल्याकडे सर्रास झाले. परंतु त्याच कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे असा बदल परवानगीवाचून करता येत नाही. कागद नीट नसतील तर अपघातानंतर विम्याच्या भरपाईला अडथळा येतो, आणि त्याची झळ घरातील बायकामुलांना लागते. तसेच सहा माणसांच्या गाडीत पंधरा माणसे बसवून वऱ्हाड नेण्याची चाल आपण आपल्या ज्ञातीपुरती तरी बंद करावी. पाटे तेवढा भार सोसतीलही. ब्रेक सोसणार नाहीत.

आणि आता शेवटचा मुद्दा, ज्यासाठी आम्ही हा विषय घेतला. वर सांगितलेले प्रत्येक काम कोणाच्या तरी हातचे आहे. घाटात ब्रेक लागला आणि सारे कुटुंब सुखरूप घरी आले, तर त्याचे श्रेय आपण देवाला देतो, ते योग्यच आहे. परंतु गॅरेजमधल्या ज्या मुलाने ती नळी वेळेवर बदलली, त्याचे नावही आपल्याला ठाऊक नसते. आपल्या वधू-वर सूचीत व्यवसायाच्या रकान्यात 'गॅरेज' लिहिलेले दिसले की ते स्थळ बाजूला सारले जाते. हातकाम करणारा मुलगा चार माणसे पोशीत असला, तरी त्याच्या आधी नोकरीच्या आशेवर बसलेल्या पदवीधराचा विचार होतो. हा न्याय नव्हे. भगिनींनो, स्थळे पाहताना तुमचा शब्द चालतो, म्हणून तुम्हांस विशेष विनंती आहे.

मुलांनाही आम्हांस सांगावयाचे आहे. केवळ उस्तादाचे पाहून पाना फिरविणे पुरेसे नाही. जळगाव व धुळे येथे शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली कारखान्यातील शिक्षणही मिळू शकते. पाना का फिरवितो हे ज्याला कळते, त्याच्या हातून दात तुटत नाहीत. जुन्या जीपगाड्या दिवसेंदिवस कमी होत जातील. नव्या गाड्यांत संगणक आले, विजेवर चालणाऱ्याही आल्या. परंतु नेमके मोजावे, वेळेवर निगा राखावी, दुसऱ्याच्या जिवाची जबाबदारी ओळखावी, हे जो जीपखाली पाठ टेकून शिकला, त्याला नवी गाडी परकी वाटणार नाही.

मंडळ दरवर्षी परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलामुलींचा सत्कार करिते. आमची नम्र सूचना अशी की, पुढील वर्षापासून त्याच व्यासपीठावर औद्योगिक प्रशिक्षण पूर्ण करणाऱ्या ज्ञातीतील मुलामुलींनाही तितक्याच मानाने नारळ व शाल द्यावी. खर्च थोडा आहे. परिणाम मोठा होईल. आणि तोपर्यंत आपण प्रत्येकाने घरी गेल्यावर अंगणातील गाडीच्या ब्रेक ऑइलची पातळी तेवढी पाहावी.