सार्वजनिक नोंदी आणि नागरिकांची वैयक्तिक माहिती

शासनाकडील माहिती ही अंतिमतः जनतेची असते, हे लोकशाहीतील तत्त्व आता सर्वमान्य झाले आहे. परंतु या माहितीचा फार मोठा भाग जनतेविषयीचाच असतो. जन्मनोंदणी, शिधापत्रिका, शिष्यवृत्ती, मतदार यादी, जमिनीचा उतारा, निवृत्तिवेतन अशा प्रत्येक टप्प्यावर नागरिक शासनाच्या दप्तरात नोंदला जातो. हे दप्तर सर्वांना पाहता यावे, पण त्यातील माणूस उघड्यावर पडू नये, या दोन अपेक्षांची सांगड कशी घालायची, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

नोंदी खुल्या कशासाठी?

राजस्थानातील पाली जिल्ह्यात कोट किराना येथे डिसेंबर १९९४ मध्ये मजदूर किसान शक्ती संघटनेने पहिली जनसुनवाई घेतली. त्यानंतरच्या अशा सुनवायांमधून सरकारी कामांचे हजेरीपट आणि बिले गावासमोर मोठ्याने वाचली जाऊ लागली. जे कामावर गेलेच नव्हते त्यांच्या, इतकेच नव्हे तर मृत व्यक्तींच्याही नावे मजुरी काढल्याचे त्यातून उघड झाले. हजेरीपटावरील नावे झाकलेली असती, तर हा अपहार कोणाच्याही लक्षात आला नसता. या चळवळीचा मोठा वाटा ज्याच्या निर्मितीत आहे, त्या माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ ने अनुदान योजनांतील रकमा व लाभार्थ्यांचा तपशील शासनाने आपणहून प्रसिद्ध करावा, असे बंधन घातले.

महाराष्ट्रातील सातबारा उतारा हे याचेच परिचित उदाहरण होय. जमीन कोणाच्या नावे आहे आणि तिच्यावर बोजा आहे काय, हे खरेदीदाराला कळणे आवश्यक असते. म्हणून तो कोणासही पाहता येतो.

खुलेपणाची मर्यादा

तथापि, हिशेब खुला करणे आणि व्यक्तीचा सर्व तपशील खुला करणे यांत फरक आहे. केंद्र व राज्य शासनांचे विभाग आणि शैक्षणिक संस्था यांच्या सुमारे २१० संकेतस्थळांवर लाभार्थ्यांची नावे व पत्ते आधार क्रमांकांसह प्रदर्शित झाल्याचे २०१७ मध्ये संसदेत सांगण्यात आले. वास्तविक, आधार अधिनियम, २०१६ चे कलम २९ असे क्रमांक प्रसिद्ध करण्यास मनाई करते. विनियमांत नमूद केलेले प्रयोजन तेवढे त्यास अपवाद आहे. निवृत्तिवेतन कोणाला व किती मिळाले, हे गावाला कळणे हितकारक आहे. परंतु त्या वृद्धाचा आधार क्रमांक किंवा बँक खाते कळल्याने हिशेब तपासण्यास काहीही मदत होत नाही. मदत होते ती फसवणूक करणाऱ्याला.

माहितीचे स्वरूपही महत्त्वाचे असते. कार्यालयाच्या फलकावरील यादी गावापुरती राहते. तीच संगणकावर शोधण्याजोगी झाली की लाखो नावे क्षणात गोळा करता येतात. मतदार याद्या शोधण्याजोग्या मजकुराऐवजी प्रतिमेच्या स्वरूपात देण्याची निवडणूक आयोगाची भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कमलनाथ प्रकरणात मान्य केली, तेव्हा मतदारांच्या खासगीपणाचा मुद्दा विचारात होता. जनगणना अधिनियम, १९४८ ने तर दुसरे टोक गाठले आहे. त्यातील वैयक्तिक नोंदी कोणासही पाहता येत नाहीत. प्रसिद्ध होते ती केवळ आकडेवारी.

कायद्याची चौकट

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा एकमुखी निर्णय दिला. त्यावर मर्यादा घालावयाची असल्यास कायद्याचा आधार, वैध उद्दिष्ट आणि उद्दिष्टाच्या प्रमाणातच उपाययोजना या कसोट्या लागतात.

माहिती अधिकार कायद्याचे कलम ८(१)(ञ) हा या दोन अधिकारांचा सांधा आहे. मूळ तरतुदीनुसार, सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली किंवा खासगीपणावर अनाठायी आक्रमण करणारी वैयक्तिक माहिती नाकारता येत असे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ ने त्यात बदल केला आणि तो नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आला. आता माहिती वैयक्तिक असणे, एवढेच नकारास पुरेसे ठरू शकते. हजेरीपट आणि लाभार्थी याद्याही या शब्दाआड जातील, अशी चिंता माहिती अधिकार कार्यकर्त्यांनी व्यक्त केली आहे. मात्र कलम ८(२) कायम आहे, हे परीक्षार्थींनी विसरू नये. संरक्षित हिताच्या हानीपेक्षा सार्वजनिक हित मोठे असल्यास माहिती देता येते. तसेच कलम १० नुसार अपवादात मोडणारा भाग वगळून उर्वरित दस्तऐवज देता येतो.

२०२३ च्या अधिनियमातील आणखी एक तरतूद बारकाईने वाचण्याजोगी आहे. कायदेशीर बंधनामुळे एखाद्याने सार्वजनिक केलेल्या वैयक्तिक माहितीला हा अधिनियम लागूच होत नाही. याचा अर्थ, यादी एकदा प्रसिद्ध झाली की या कायद्याचे छत्र तिच्यावर राहत नाही. म्हणून नागरिकाचे खरे संरक्षण प्रसिद्धीपूर्वीच व्हावयास हवे.

तीन प्रश्न

उद्याच्या प्रशासकाने यादी प्रसिद्ध करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. या तपशिलाने शासनाचा हिशेब तपासता येतो काय? त्याच्याशिवाय तो तपासता आला असता काय? तो चुकीच्या हाती पडल्यास भुर्दंड कोणाला बसेल? नाव, काम, दिवस व रक्कम या कसोटीवर बहुधा उतरतात. आधार क्रमांक, बँक खाते व दूरध्वनी क्रमांक उतरत नाहीत. एचआयव्हीबाधित रुग्ण, अत्याचारपीडित आणि बालके यांच्याबाबतीत तर नावही गुप्त ठेवण्याचे बंधन कायद्यानेच घातले आहे.

माहितीचा अधिकार आणि खासगीपणा यांना परस्परांचे शत्रू मानण्याचे कारण नाही. पहिला अधिकार शासनाला नागरिकासमोर उत्तरदायी करतो, तर दुसरा नागरिकाला सत्तेच्या आणि बाजाराच्या नजरेपासून जपतो. नोंदीतील प्रत्येक रकाना कोणत्या बाजूचा आहे, हे ओळखणे ही सुशासनाची कसोटी ठरेल.