‘आणि पार्टी’

श्रोतेहो, ज्यांच्या घरी एके काळी चावीचा फोनो होता त्यांना आठवत असेल. तबकडीच्या मधोमध एक गोल कागद चिकटवलेला असे. त्यावर कर्ण्यापुढे बसलेला कुत्रा, त्याखाली गाण्याचे नाव, मग गाणाराचे नाव, आणि पुष्कळदा त्या नावापुढे दोन शब्द: ‘आणि पार्टी’. शाहीर अमुक आणि पार्टी. भजनी बुवा तमुक आणि पार्टी. ढोलकी वाजवणारा, तुणतुणे धरणारा, झील ओढणारे, सगळे त्या दोन शब्दांत मावत. आज मी बोलणार आहे ते या पार्टीतल्या माणसांविषयी. पण मला त्यांची आठवण झाली ती जरा लांबच्या वाटेने, अमेरिकेतल्या जॅझ नावाच्या संगीतामुळे. कशी, ते सांगतो.

वाशीम जिल्ह्यातल्या आमच्या आसेगावात गेल्या श्रावणात पाऊस चार दिवस उघडला नाही. सोयाबीनमध्ये पाऊल घालायची सोय नव्हती. ओट्यावर बसल्या बसल्या माझ्या पुतण्याने मोबाइलवर एक ध्वनिमुद्रिका लावली. तो पुण्याला नोकरीस असतो आणि 1968 च्या आगेमागे निघालेले देशोदेशींचे संगीत हुडकून ऐकण्याचा त्याला नाद आहे. हल्ली बऱ्याच तरुणांना तो आहे. आपल्या जन्माआधीच्या तबकड्या ही मुले चोरबाजारात शोधतात, पुसतात आणि एकमेकांना ऐकवतात. मला प्रथम त्याचे हसू येई.

शेजारी आमच्या भजनी मंडळातले एक वयोवृद्ध गृहस्थ बसले होते. ऐंशी केव्हाच उलटली, पण खंजिरीवर बोटे अजून चालतात. गाव त्यांना आबाजी म्हणतो. थोडा वेळ ऐकून ते म्हणाले, “गुर्जी, हे काय वाजून राह्यलं? सतार तं समजली. पन हे पिपाणी कोनाची?”

ती पिपाणी म्हणजे सॅक्सोफोन. लग्नाच्या बँडमध्ये वाकड्या तोंडाचे जे पितळी वाद्य असते ते. आणि वाजत होती ती शंकर-जयकिशन यांची ‘रागा जॅझ स्टाइल’ ही 1968 ची तबकडी. सिनेमाच्या गाण्यांसाठी नाव मिळवलेल्या या जोडीने त्या साली एक वेगळाच उद्योग केला. अकरा राग घेतले. तोडी, भैरव, मालकंस, कलावती, तिलक कामोद असे करत भैरवीपर्यंत. सतारीला रईस खान बसवले, सॅक्सोफोनला मनोहारी सिंग, ट्रम्पेटला जॉन परेरा, ड्रमला लेस्ली गुदिन्हो. एकही शब्द नाही, नुसती वाद्ये.

आता जॅझ म्हणजे काय, हे शिक्षकबंधूंना वर्गात सांगावे लागले तर मी एक सोपी वाट सांगतो. अमेरिकेत गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकन लोकांच्या वंशजांनी विसाव्या शतकाच्या आरंभी न्यू ऑर्लिन्स या शहरात ते घडवले. शेतात राबताना म्हणायची गाणी, देवळातली प्रार्थना आणि लष्करी बँडची पितळी वाद्ये यांचा तो मेळ. सगळे मिळून एक चाल वाजवतात. मग एकेकाची पाळी येते. पाळी आली की त्याने त्या चालीवर स्वतःची उपज करायची, बाकीच्यांनी ठेका आणि आधार धरायचा, आणि शेवटी सगळ्यांनी पुन्हा मूळ चालीवर यायचे. भजनात बुवा तान घेऊन ध्रुवपदावर येतो आणि टाळकरी एकदम उचलतात, तसे. एक फरक मात्र आहे. आपल्याकडे एक षड्ज धरून सगळा डोलारा उभा राहतो. त्यांच्याकडे तीन-चार स्वर एकदम वाजवून त्यांचे गुच्छ बदलत नेतात. पियानो आणि गिटार हे काम करतात. राग अशा बदलत्या गुच्छांवर बसवणे अवघड. या तबकडीतही ते सगळीकडे साधले आहे असे मला वाटत नाही. काही ठिकाणी सतार आपल्या वाटेने जाते आणि बँड आपल्या. पण जिथे जमले आहे तिथे मान आपोआप डोलते.

हे संगीत मुंबईला नवे नव्हते. 1935 साली लिऑन ॲबी हा अमेरिकन कृष्णवर्णीय वादक आपला बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आला होता. ते वाजवणे पुढे ज्यांनी उचलले त्यांत गोव्याची मंडळी पुष्कळ. गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना लहानपणीच पाश्चात्य स्वरलिपी वाचायला शिकवत. ही मुले पोटासाठी मुंबईस आली, रात्री हॉटेलात वाजवू लागली आणि दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत. आपल्या पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांनी 1951 च्या ‘अलबेला’ला जे ठेकेदार संगीत दिले, त्यात चिक चॉकलेट या गोमंतकीय ट्रम्पेटवादकाचा हात होता. त्याचे खरे नाव अँटोनियो झेवियर वाझ. पडद्यावर त्याचा बँड दिसतोदेखील. पण असे दिसणे फार थोड्यांच्या वाट्याला आले. बाकीच्यांचे वाजवणे देशभर गेले आणि नावे स्टुडिओच्या दाराशी राहिली.

अँथनी गोन्साल्विस हे नाव गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. 1977 च्या त्या सिनेमात अंड्यातून बाहेर पडून नाचणारा अँथनी कोण विसरेल? पण या नावाचा माणूस खरोखर होता, हे किती जणांना ठाऊक आहे? तो 1927 साली गोव्यात माजोर्ड्याला जन्मला. व्हायोलिन वाजवी आणि शिकवी. संगीतकार प्यारेलाल त्याचे शिष्य. त्यांनीच गुरूचे नाव गाण्यात आणले. या गुरूने 1958 साली मुंबईत भारतीय रागांवर मोठ्या वाद्यवृंदासाठी रचना केल्या. त्या कार्यक्रमात लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले. पुढे 1965 मध्ये ते अमेरिकेला गेले, नंतर परतून आपल्या गावी राहिले आणि 2012 मध्ये वारले. नाव घरोघर आणि माणूस कुणालाच ठाऊक नाही, असाही प्रकार असतो. त्याच साली नरेश फर्नांडिस यांचे मुंबईच्या जॅझवरचे ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ हे पुस्तक निघाले. त्यामुळे यांतली पुष्कळ नावे पुन्हा लोकांपुढे आली.

पुतण्याने मग दुसरी गंमत ऐकवली. तीही 1968 चीच, आणि तीही मुंबईची. इंग्लंडच्या बीटल्स या चौकडीतला जॉर्ज हॅरिसन जानेवारीत मुंबईस आला आणि फोर्टातल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत ‘वंडरवॉल’ या चित्रपटाचे संगीत मुद्रित करू लागला. तिथे दोन पट्ट्यांवर मुद्रण करणारे यंत्र नव्हते, म्हणून कंपनीचे भास्कर मेनन यांनी ते कलकत्त्याहून आगगाडीने आणले. स्टुडिओ आवाजबंद नव्हता. नीट कान दिला तर रस्त्यावरच्या टॅक्सी ऐकू येतात, आणि संध्याकाळी साडेपाचला कचेऱ्या सुटल्या की जिन्यावरच्या पावलांमुळे काम थांबवावे लागे, असे हॅरिसननेच पुढे सांगितले आहे. त्या मुक्कामात तयार झालेल्या एका चालीवर त्याने नंतर शब्द गायले आणि ते गाणे मार्चमध्ये बीटल्सच्या तबकडीच्या दुसऱ्या बाजूवर जगभर गेले.

या प्रकारच्या संगीताला सायकेडेलिक म्हणत. व्हिएतनामच्या युद्धाला विटलेली, आईबापांच्या जगाला कंटाळलेली तिकडची तरुण पिढी एलएसडीसारखी द्रव्ये घेई, आणि त्या धुंदीत मन जसे पसरते, आकसते, रंग पाहते, तसे ऐकणाराला व्हावे असा त्या संगीताचा रोख असे. त्यासाठी त्यांना आपली सतार आणि तंबोऱ्याचा नाद सोयीचा वाटला. रविशंकर यांना हे आवडले नाही. 1967 मध्ये माँटेरीला आणि 1969 मध्ये वुडस्टॉकला ते हजारो तरुणांपुढे वाजवले, पण नशेत आमचे संगीत ऐकू नका, असे त्यांनी बजावले. आपण तिकडच्यांना हसायचे कारण नाही. चिलीम फिरवल्याशिवाय ज्यांच्या भजनाला रंग चढत नसे अशी मंडळी वऱ्हाडातही थोडी नव्हती. आणि त्यांना फटकारणारा हाती खंजिरी घेतलेला माणूसही इथलाच. तुकडोजी महाराज 11 ऑक्टोबर 1968 रोजी मोझरीला गेले. हे मी ओट्यावर बोलून गेलो तेव्हा आबाजींनी हात जोडले. त्या दिवशी खंजिरी उलटी करून ठेवली होती, एवढेच ते म्हणाले.

मग त्यांनी पहिल्या तबकडीविषयी एक प्रश्न केला. “सतारवाला सांगतला, पिपाणीवाला सांगतला. तबल्यावर कोन हाय?”

मला ठाऊक नव्हते. पुतण्याने पाहून सांगितले, रमाकांत म्हापसेकर. हॅरिसनच्या तबकडीवरच्या वादकांचीही नावे नोंदलेली निघाली: सरोदवर आशिष खान, संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर एस. आर. केंकरे, तारशहनाईवर विनायक व्होरा. आबाजी गप्प झाले. मग म्हणाले, “म्हंजे यायचं लिव्हलेलं हाय. आमच्या काकाचं नाई लिव्हलं.”

त्यांचे काका एका तमाशाच्या फडात ढोलकीवर होते. तो फड मुंबईला जाऊन एक तबकडी भरून आला होता. कागदावर फडमालकाचे नाव, ‘आणि पार्टी’. ती तबकडी काकांनी स्वतःच्या पैशाने घेतली, आणि घरी फोनो नव्हता म्हणून शाळेला दिली.

श्रोतेहो, इथे मला माझी एक गोष्ट सांगणे भाग आहे. एका शाळेत असताना जडसंग्रहाची वही माझ्याकडे होती. साल 1986 असेल. मोडक्या वस्तूंचे निर्लेखन करायचे होते. कपाटात एक फोनो होता, चावी तुटलेला, आणि लाकडी पेटीत रेकॉर्डी. मी वहीत लिहिले, ‘फोनो नग 1, रेकॉर्डी नग 28’, सही केली आणि भंगारवाल्याला दिल्या. एकीचाही कागद वाचला नाही. ती शाळा हीच होती का, हे आबाजींनी मला विचारले नाही. गावात सगळ्यांना ठाऊक असते.

त्या रेकॉर्डी लाखेच्या होत्या. लाख म्हणजे आपल्या पळसावर, बोरीवर, कुसुमावर जे किडे असतात त्यांची. जगभरच्या तबकड्यांना हीच लाख लागे. इंग्लंड-अमेरिकेत मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या या तबकड्या 1960 च्या सुमारास बंद पडल्या. आपल्याकडे त्या पुढेही निघत राहिल्या, कारण खेड्यात वीज नव्हती आणि चावीचा फोनो दुसऱ्या वेगाने चालत नाही. त्यामुळे 1963 ते 1965 मध्ये बीटल्सची गाणी कलकत्त्याजवळ डमडमच्या कारखान्यात लाखेच्या तबकड्यांवर छापली गेली, आणि ते प्रकरण आज परदेशी शौकीन मोठी किंमत देऊन घेतात. आपल्या खेड्यातल्या अंधारामुळे तयार झालेली ही चीज. माझ्या त्या पेटीत बीटल्स खास नव्हते. पण मला बीटल्सचे दुःख नाही.

कुणाकडे अशा तबकड्या उरल्या असतील तर दोन गोष्टी सांगून ठेवतो. लाखेची तबकडी स्पिरिटने पुसू नका. लाख स्पिरिटात विरघळते. कोरड्या मऊ फडक्याने, घरांच्या दिशेने, गोल पुसावी. आणि आडव्या थप्पीत ठेवू नका, वह्यांसारख्या उभ्या ठेवा. आधी मात्र कागद वाचा आणि वहीत उतरवून घ्या, नग नव्हे, नावे.

ज्यांची तबकडी कधी निघालीच नाही त्यांचे काय? हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी महाराष्ट्रातल्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि ओवी कोणत्या बाईने, कोणत्या गावी म्हटली, हे लिहून ठेवले. बाईचे नाव लिहिले म्हणून आज ती ओवी तिची राहिली. एवढे मोठे काम आपल्याने होणार नाही. पण शाळेतल्या मुलांच्या घरी आता मोबाइल आहेत. आमच्याकडे आम्ही गेल्या एकादशीला भजनी मंडळ मुद्रित केले. आधी प्रत्येकाने आपले नाव, गाव आणि वाद्य बोलायचे, मग भजन. दोघे लाजले, एकाने वडिलांचे, आज्याचे आणि पणज्याचेही नाव सांगितले आणि थांबेना. टाळ फार जवळ ठेवल्याने आवाज फाटला. पुन्हा घ्यावे लागले. आबाजींनी आपल्या नावाआधी काकांचे नाव सांगितले. ते मी इथे बोलत नाही, कारण त्यांच्या घरच्यांना विचारायचे राहिले आहे, पण वहीत लिहिलेले आहे.

भजन आटोपल्यावर पुतण्याने ती ‘रागा जॅझ’ची तबकडी सगळ्या मंडळाला ऐकवली, तोडीपासून. अर्धे ऐकत होते, अर्धे सुपारी कातरत होते. मालकंस एकाने ओळखला. शिवरंजनी संपली आणि शेवटची भैरवी लागली, तसे आबाजी भिंतीला हात लावून उठू लागले. पुतण्या म्हणाला, “आबाजी, अजून आहे, बसा ना.”

“अरे, भैरवी लागली,” आबाजी म्हणाले. “आता आरती. परसाद कोनापाशी हाय?”