आरपार दगड

मंडळी, साल 1993. अनंत चतुर्दशीला गणपती बोळवले, माणसं दमून निजली, अन् 30 सप्टेंबरच्या पहाटे किल्लारी हादरली. हजारो माणसं स्वतःच्याच घराखाली गाडली गेली हो! घरं कशी? दगडमातीच्या जाडजूड भिंती, वर माळवदाची मणामणाची माती. भिंत दिसायला एक, पण आतून दोन. बाहेरचा थर वेगळा, आतला वेगळा, मध्ये नुसती भर. धक्का बसला, थर सुटले, माळवद खाली आलं. म्हणून पुढं दुरुस्तीत भिंतीला आरपार दुवा घालायला शिकवलं, कुठं लांब दगड, कुठं सळई घालून काँक्रीट. तो दोन्ही थरांना धरतो.

आता तुम्ही सेवेला निघालात. जुने कपडे ट्रकभर ओतले, फोटो काढला, परत आलात. माउली, रागावू नका, पण तुम्ही बाहेरचाच थर राहिलात की! आधी विचारा, "बाबा, काय हवंय?" तो म्हणेल, "कपडे पुरेत, जनावरांना कडबा नाही." मग कडबा न्या. तो दगड उचलतोय ना, दुसरं टोक तुम्ही धरा. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा जा, छप्पर गळतंय का बघा. अन् आषाढीला निघताना त्याच्या दारात थांबून हाक मारा, "चल रे, आमच्या दिंडीत जागा ठेवलीय."