विमान लवकर जाते, पण माणूस?



आपल्या पालघर-बोईसर-तारापूर पट्ट्यात विमानतळ नाही. विमाने मात्र रोज डोक्यावरून जातात. मुंबई विमानतळापासून अहमदाबाद विमानतळापर्यंत नकाशावर सरळ रेघ ओढा. ती पालघर-बोईसरच्या अगदी जवळून जाते. ही रेघ भरते सुमारे ४४० किलोमीटर. आगगाडीने तेच अंतर सुमारे ४९० किलोमीटर पडते, कारण गाडी वडोदऱ्याकडून वळून जाते. विमानाला वळसा नाही.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा टपालाची पोती घेऊन कराचीहून विमानाने निघाले. वाटेत अहमदाबादला उतरले. तिथे विमानात पेट्रोल भरले. ते पेट्रोल आणले होते बैलगाडीतून! मग दुपारी ते मुंबईला जुहूवर उतरले. त्या विमानाचा वेग ताशी सुमारे १६० किलोमीटर. त्या वेगाने अहमदाबाद ते मुंबई पावणेतीन तास होतात.

आजचे मोठे विमान ताशी ८०० किलोमीटर जाते. म्हणजे ४४० किलोमीटरला अर्धा तास पुरे, नाही का? पण वेळापत्रकात सव्वा तास लिहितात. का बरे? विमान आधी जमिनीवर चालत धावपट्टीपर्यंत जाते. तिथे रांग असते. वर चढताना आणि खाली उतरताना वेग कमी असतो. उतरायला जागा मोकळी नसेल, तर आकाशात घिरट्या घालाव्या लागतात.

आता आपला हिशेब मांडू. बोईसरच्या माणसाला अहमदाबादला जायचे आहे. बोईसर ते अंधेरी लोकलने दोन तास. तिथून विमानतळ अर्धा तास. तिथे दोन तास आधी पोहोचायचे. प्रवास सव्वा तास. उतरून बाहेर पडायला अर्धा तास. झाले सव्वासहा तास! आधी दक्षिणेला जायचे आणि मग आपल्याच गावावरून उत्तरेला यायचे. बोईसरला थांबणारी एक्सप्रेस धरली, तर ती सहा-सात तासांत अहमदाबादला नेते. मग विमानाला जादा पैसे कशाला मोजायचे?

पण दूरची गोष्ट वेगळी. तारापूरच्या कारखान्यांत उत्तर प्रदेशातले कितीतरी कामगार आहेत. गावाकडून निरोप येतो, "बाप गेला." आगगाडीने वाराणसीला पोहोचायला एक दिवस आणि एक रात्र जाते. तोवर चिता विझलेली असते. मुंबई ते वाराणसी आकाशातून सुमारे १२५० किलोमीटर. विमान सव्वादोन तासांत नेते. घरून निघण्यापासून सगळे धरले, तरी सात-आठ तास. पुढे गावची वाट तेवढी राहते. अशा वेळी उसने घेऊन का होईना, लोक विमानाचे तिकीट काढतात, आणि ते बरोबरच आहे.

एवढे मात्र बघा. तिकिटावर असते ती विमान सुटण्याची वेळ. सामान देण्याची खिडकी बहुधा त्याच्या तासभर आधी बंद होते. फोटो असलेले सरकारी ओळखपत्र जवळ हवे. आणि लोकल चुकू शकते, म्हणून एक लोकल आधीची धरा.